कोरडं माप

माझे सासरे वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. बाजारात त्यांना सगळे तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठ फिरली की काटेकोर. त्यांना दोन्ही नावं ठाऊक होती आणि दुसरं जास्त आवडायचं. माझ्या नवऱ्याचा जन्म झाला तेव्हा नर्सने बाळाचं वजन सांगितलं, तर यांचा पहिला प्रश्न, "हा काटा शेवटचा कधी तपासलाय?" सासूबाई हे अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात आणि बाबा अजून म्हणतात, "मग? तपासलेला नव्हताच."

नोकरीभर दुकानदार त्यांच्यासमोर तराजू कवटाळून रांगेत उभे राहायचे आणि म्हणायचे, "साहेब, माप तपासून हवंय." बाबा कुणासाठी थांबलेत असं मात्र कधी घडलं नाही. त्यांची स्वतःची पितळी वजनं मखमली खणांच्या पेटीत असत. वापरलं की पुसायचं, पुसलं की पुन्हा पुसायचं. पाणी हा मापाचा वैरी, हे त्यांचं ठाम मत. ही सवय घरातही उतरली. ताटं, छत्र्या, नळाची तोटी, सगळं कोरडं ठणठणीत लागायचं. माझ्या मुलांना अंघोळीनंतर ते असे पुसायचे की पोरं अंग चोरून पळायची. कौतुक हेही त्यांच्या लेखी ओलंच काहीतरी होतं, लागलं की गंज चढणार. माझ्या नवऱ्याचं त्यावाचून काही अडलं नाही. तो शाबासकीशिवायही सरळ चालतो. धाकट्याचं, म्हणजे माझ्या भावजींचं, तसं नव्हतं. तो परीक्षेचा निकाल घेऊन दारात उभा राहायचा, आणि बाबा गुणांची बेरीज तपासून कागद परत द्यायचे.

भावजींनी पुढे मातीशिवाय भाजी पिकवायच्या सामानाचं दुकान काढलं. पाइप, पंप, जाळीचे पेले आणि पाण्यात मिसळायच्या खताच्या बाटल्या. बाबा निवृत्त झाले तेव्हा भावजींनी आमच्या गॅलरीत एक पूर्ण संच बसवून दिला. वर लेट्यूसची रोपं, खाली टाकी, आणि सोबत दोन मीटर. एक पाण्यात खताची ताकद किती ते सांगणारं, दुसरं पीएच, म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारं. "पीएच सहाच्या आसपास ठेवायचा," भावजी म्हणाले, "आणि ताकद हळूहळू वाढवायची." आकडे आणि मीटर दिसल्यावर बाबांचा चेहरा असा उजळला की जणू सरकारने त्यांना पुन्हा बोलावून घेतलं होतं. भावजी त्या चेहऱ्याकडे बघत बराच वेळ उगाच पाइप घट्ट करत बसले होते.

पीएच मीटरच्या टोपणात थोडं पाणी होतं. "माल भिजलेला दिलाय," असं म्हणून बाबांनी ते कुंडीत ओतलं, काचेचं टोक मऊ कापडाने पुसलं, टोपणही पुसलं, आणि दोन्ही मीटर मखमली पेटीत, जिथे पूर्वी पितळी वजनं होती तिथे, ठेवून दिली. खोक्यातला सूचनांचा कागद त्यांनी उघडलाही नाही. मापं कशी सांभाळायची हे आता कागदाने त्यांना शिकवायचं का?

पहिली पानं झकास आली. बाबांनी ती स्वतः तोडून आमच्या ताटात वाढली, प्रत्येकाला सारखी. मग हळूहळू कोवळी पानं पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी. बाबांनी मीटर बुडवलं. पाणी साडेचार, म्हणजे फारच आंबट. त्यांनी पीएच चढवायच्या बाटलीतून थेंब घातले, आकडा सहावर आणला. पानं आणखी पिवळी. "उपाशी आहेत," असा निवाडा देऊन त्यांनी खत वाढवलं. ताकदीचं मीटर चढलं, आणि पानांच्या कडा करपल्या. आगीतून फुफाट्यात. मीटर दोन्ही बरोबर, पाणी बरोबर, बाबा तर बरोबर असतातच. मग राहिलं कोण? खत. आणि खत कुणाचं?

ते मीटर खिशात टाकून तडक दुकानात गेले. मी सोबत होते, नसते तर बरं झालं असतं. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. मांडून ठेवलेल्या टाकीवर पाटी होती, पीएच सहा. बाबांनी मीटर बुडवलं आणि भर दुकानात म्हणाले, "पाटीवर सहा, टाकीत साडेचार. मापात पाप!"

भावजींनी आपलं मीटर बुडवून दाखवलं. सहा.

"ते तुझं मीटर. आरोपीने आणलेला साक्षीदार."

"बाबा, तुमचं मीटर एकदा इथेच..."

"माझं मीटर?" बाबा म्हणाले. बस्स, एवढंच. मग त्यांनी टोक पुसलं आणि निघाले. दोन गिऱ्हाइकं हातातल्या बाटल्या ठेवून आमच्या मागोमाग बाहेर पडली. भावजी निकालाचा कागद घेऊन उभे असायचे ना, अगदी तसेच उभे होते. मला बाबांचा असा संताप आला की घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

भावजी घरी यायचे बंद झाले. फोन केला की कामात आहे म्हणायचे. सासूबाई बाबांशी भांडल्या नाहीत, पण गॅलरीतून जाता-येता म्हणू लागल्या, "पाल्याला पोसा हो तुम्ही. पोराचं काय, तो आपला आपण पिवळा पडेल." बाबांनी संच नव्याने लावला, दुसऱ्या दुकानातून खत आणलं. तेही पिवळं पडलं. "सगळी जातच चोर," बाबा म्हणाले.

तेव्हा मात्र माझा तोल गेला. "बाबा, नोकरीत तुम्ही तराजू कशाने तपासत होता?"

"प्रमाण वजनाने. हा काय प्रश्न झाला?"

"आणि ते वजन?"

"ते दरवर्षी वरच्या ऑफिसात जायचं. तपासणाऱ्यालाही कुणीतरी तपासावं लागतं, सूनबाई."

"मग या मीटरला कुणी तपासलं?"

बाबांनी हातातलं मीटर उलटसुलट करून पाहिलं, जणू त्यावर कुठेतरी शिक्का असायला हवा होता. दिव्याखाली अंधार असतो हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. त्या दिवशी ते जेवायला उशिरा बसले. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, पेटी बगलेत धरून ते माझ्या स्कूटरपाशी येऊन उभे राहिले.

दुकानात एकच गिऱ्हाईक होतं. बाबा त्याच्या मागे रांगेत उभे राहिले. भावजींनी पाहिलं, पण हातातलं काम संपवलं आणि मग परक्यासारखं विचारलं, "काय हवंय?"

बाबांनी पेटी टेबलावर ठेवली. "माप तपासून हवंय."

भावजींनी एक पुडी फाडली आणि मोजलेल्या पाण्यात विरघळवली. "याचा पीएच सातच असतो. हेच प्रमाण वजन समजा." मीटर बुडवलं. आकडा डगमगला आणि साडेपाचवर थांबला.

"दीड कमी दाखवतंय," भावजी हळू म्हणाले. "म्हणजे तुम्ही सहा केलंत तेव्हा पाणी साडेसात होतं. तेवढ्या पीएचला रोपाला लोह घेताच येत नाही. खत समोर असतं, पण घास घशाखाली उतरत नाही. वर तुम्ही आणखी खत वाढत राहिलात."

"म्हणजे माल?"

"माल बरोबर होता, बाबा."

बाबांनी घसा साफ केला आणि त्या एकट्या गिऱ्हाइकाकडे वळून सरकारी आवाजात जाहीर केलं, "या दुकानाचा माल खरा आहे. खोटं माझं माप होतं."

"बरं," गिऱ्हाईक म्हणालं. "मला पाइपाचं बूच हवं होतं फक्त."

सवयीने बाबांचा हात रुमालाकडे गेला. मीटरचं टोक पुसणार, तोच भावजींनी त्यांचं मनगट धरलं. "पुसू नका. ताकदीचं मीटर कोरडं राहिलं तरी चालतं. याला नाही चालत. याला ओल लागते, नाहीतर हे चुकीचं बोलायला लागतं."

"दोघांना एकच नियम लावला मी," बाबा म्हणाले. मनगट त्यांनी सोडवून घेतलं नाही. "आता सुधारेल?"

"भिजत ठेवून बघू. फार कोरडं राहिलं असेल तर नाही सुधारत."

"वेळ लागेल?"

"लागेल."

"मग मी थांबतो," बाबा म्हणाले.

भावजींनी मीटर वाटीतल्या भिजवायच्या द्रावणात उभं केलं आणि कोपऱ्यातलं स्टूल पुढे सरकवलं. बाबा बसले. स्टूल डुगडुगलं, त्याचा एक पाय चांगला बोटभर आखूड होता. बाबांनी वाकून पायाकडे पाहिलं, भावजींकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि काही न बोलता मिटलं.