कार्डावरचा पाचवा मुद्दा

बुधवारी सकाळी ऑफिसात माझा मोबाइल वाजला आणि त्यावर हेमंतच्या बायकोचं, स्वातीचं नाव दिसलं, तेव्हा मला वाटलं, व्हॅनचं काहीतरी असेल. शनिवारी पामर्स्टन नॉर्थला तिच्या मुलीची, इराची, मॅच होती आणि आम्ही दोन्ही घरं मिळून भाड्याने व्हॅन करून जाणार होतो. "काय गं, मिळाली का व्हॅन?" असं मी चक्क हसत विचारलं. ते माझं हसू मला अजून ऐकू येतं. स्वाती म्हणाली, "अनिल, हेमंत गेला रे. फॅक्टरीतून फोन होता. चहाच्या सुट्टीत बाकावर बसला आणि... तू ये." मी ईस्ट टामाकीच्या त्याच्या फॅक्टरीत पोचेपर्यंत त्याला तिथून हलवलं होतं. बाकापाशी त्याचा डबा तेवढा राहिला होता. तो मी उचलला, आणि त्या क्षणी मला दुःख झालं नाही. भीती वाटली. कारण हेमंत कशाने गेला हे मला कोणी सांगायच्या आधीच ठाऊक होतं.

पण ते पुढे सांगतो. आधी हेमंत सांगतो.

२००२ साली आम्ही दोघंही पुण्याहून ऑकलंडला आलो, सहा महिन्यांच्या अंतराने, आणि माउंट रॉस्किलमध्ये एकाच रस्त्यावर भाड्याने राहिलो. मी कॉम्प्युटरवाला, माझं बस्तान लवकर बसलं. हेमंत टूलरूममधला इंजिनियर, भोसरीला त्याच्या हाताखाली वीस माणसं होती. इथे त्याला 'लोकल एक्स्पीरियन्स' नाही म्हणून आठ महिने कोणी उभं केलं नाही, आणि शेवटी ईस्ट टामाकीला डबे-झाकणं बनवणाऱ्या एका फॅक्टरीत तपासनीस म्हणून लागला. दिवसभर झाकणं मोजपट्टीला लावून पिवळ्या कार्डावर टिक करायची. त्याबद्दल तो कधी रडगाणं गायला नाही. मीच गायचो, त्याच्या वतीने. तो म्हणायचा, "अन्या, तुला माझी नोकरी फार लागलीय. जेव." मला अन्या म्हणणारा या देशात तो एकटाच होता. आता कोणी नाही.

त्याचं खरं वेड फुटबॉल. पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये तो हाफबॅक होता, आणि बाहेरगावी मॅच असली की आदल्या दिवशीच जाऊन मैदान चालून यायचं ही त्याची तेव्हाची सवय. इथे रग्बीवेड्या लोकांत इरा तिच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये गेली (शाळेच्या वरच्या वर्गांनाही इथे कॉलेज म्हणतात) आणि त्या सवयीने पुन्हा डोकं वर काढलं. घरच्या मैदानावर मॅच असली तर हेमंत नुसता घडी करून ठेवायच्या खुर्चीवर बसून राहायचा, एक शब्द बोलायचा नाही. पण मॅच परक्या मैदानावर असली की आधीच्या शनिवारी, मॅचच्याच वेळेला, तिथे हजर. बरोबर मी, कारण गाडी माझी बरी होती आणि माझी बायको मला शनिवारी घराबाहेर घालवायला एका पायावर तयार असायची. तो मैदानाची लांबी-रुंदी पावलांनी मोजायचा. चिमूटभर गवत उडवून वारा बघायचा. गोलसमोरच्या जागेत टाच रोवून चिखल किती खोल आहे ते पाहायचा. ऊन कोणत्या गोलकीपरच्या डोळ्यांत जाणार, तेही. मग गाडीत बसून, फॅक्टरीतल्या पिवळ्या कार्डाच्या कोऱ्या बाजूवर, बारीक ठाशीव अक्षरात मराठीतून मुद्दे लिहायचा. नेहमी पाचच. चार खेळाचे, आणि पाचवा भलताच: "संत्र्यांच्या फोडी करून न्याव्यात", "इराने आदल्या रात्री फोनवर बोलत बसू नये", "स्वातीला छत्री घ्यायला सांगणे".

इराला मराठी सगळं कळतं, पण वाचता येत नाही, आणि उत्तर इंग्रजीत. त्यामुळे मॅचला जाताना गाडीत हेमंत एकेक मुद्दा वाचायचा आणि मागच्या सीटवर इरा तो इंग्रजीत करून वहीत उतरवायची. पाचवा मुद्दा ऐकून ती दर वेळी ओरडायची, "बाबा, that's not even football!" तो म्हणायचा, "तोच सगळ्यात महत्त्वाचा." त्यांची कोच जॅन पहिल्यांदा तो कागद बघून नुसती गमतीने हसली होती. दुसऱ्या मोसमात मात्र ती बसमधून उतरता उतरता इथल्या पद्धतीचा नमस्कार करत हाक मारायची, "Kia ora, Hemant! What've you got for us?" आणि हेमंत, ज्याला फॅक्टरीत दहा वर्षं कोणी काही विचारलं नव्हतं, तो मान खाली घालून लाजायचा. हे लिहिताना मला रडू येतंय. येऊ दे.

या वर्षी इराचं कॉलेज संपणार होतं. पामर्स्टन नॉर्थची मॅच जिंकली असती तर टीम पहिल्यांदाच फायनलला गेली असती. सात तासांचा रस्ता, तरी हेमंतने ठरवलं, मैदान बघून यायचंच. मॅचच्या दोन आठवडे आधीच्या शनिवारी आम्ही पहाटे निघालो आणि दुपारी पोचलो. सपाट, बोडकं मैदान, आणि वारा असा की उभं राहून बोलता येईना. हेमंतने लांबी मोजायला सुरुवात केली. मी गाडीच्या आडोशाला. साठ-सत्तर पावलांवर तो थांबला. मला वाटलं, चिखल बघतोय. पण तो हलेना. मी गेलो तर तळहात छातीवर दाबून उभा, कपाळावर घाम, त्या गारठ्यात. म्हणाला, "पित्त उसळलंय. रिकाम्या पोटी कॉफी झाली ना दोनदा."

आणि मी, शिकलेला माणूस, काय केलं? बायकोने प्रवासासाठी दिलेल्या डबीतून त्याला ओवा दिला. वर आमसूल. पित्त! आमच्याकडे डोकं दुखलं की पित्त, चक्कर आली की पित्त, छातीत कळ आली तरी पित्तच. त्याने ओवा चावला, पाणी प्यायला, दहा मिनिटांनी रंग परत आला, आणि मी विजयाने म्हणालो, "बघ, उतरलं." त्याने उरलेलं मैदान मोजलं. मी मोजू दिलं.

दुसऱ्या दिवशी परतताना वाटेत ताउपो गावाच्या अलीकडे त्याने मला पुन्हा गाडी थांबवायला लावली. या वेळी डाव्या खांद्यातही दुखत होतं. तेव्हा मात्र मी घाबरलो. म्हटलं, "हेमंत, उद्याच्या उद्या डॉक्टर." तो म्हणाला, "उद्या गेलो तर ते चार तपासण्या लिहून देतील, आणि स्वातीला कळलं की ती मला मॅचला येऊ देणार नाही. पोरीची शेवटची मॅच आहे रे. मॅच होऊ दे. नंतरच्या सोमवारी नक्की. तू आठवण कर, आणि तोवर घरी बोलू नकोस." मी म्हणालो, "शपथ?" तो म्हणाला, "शपथ." आणि मी गप्प बसलो. मी त्याचा इतका चांगला मित्र होतो! पुढच्या दहा दिवसांत आम्ही चारदा भेटलो. मी दर वेळी खालच्या आवाजात विचारलं, "पित्त कसं आहे?" आणि तो दर वेळी म्हणाला, "झकास."

शुक्रवारी अंत्यसंस्कार झाले. शनिवारी टीम इराशिवाय खेळायला गेली आणि एका गोलने हरली. पुढच्या आठवड्यात जॅन भेटायला आली, स्वातीचा हात हातात घेऊन बसून राहिली. निघताना दारात मला म्हणाली, आमच्याच मुलीने मागे पास दिला, तो चिखलात रुतला आणि त्यांच्या मुलीने पळवला. "We didn't have our card, eh." तिला बिचारीला काय माहीत, मी त्या वाक्याने किती लहान झालो.

त्याच संध्याकाळी स्वातीने मला विचारलं. ओट्याशी उभी होती, पाठमोरी. "अनिल, तुम्ही दोघं पामर्स्टनला गेलात तेव्हा त्याला काही होत होतं का? काही बोलला का तुला?" मी म्हणालो, "नाही." इतकं सहज म्हणालो की मलाच नवल वाटलं. ती म्हणाली, "मला वाटलंच. तुला सांगितलं असतं त्याने." आणि मला चहा दिला. मी तो प्यायलो.

तीन आठवड्यांनी एक पत्ता शोधताना मी गाडीतलं नकाशांचं पुस्तक उघडलं आणि पामर्स्टनच्या पानात ते पिवळं कार्ड होतं. येताना त्याने गाडीतच लिहिलेलं. मला त्याचा पत्ताच नव्हता. म्हणजे मॅचच्या दिवशीही ते तिथेच, माझ्या दारासमोर उभ्या असलेल्या गाडीत पडून होतं. मी रस्त्याच्या कडेला थांबून वाचलं.

"१. दुपारनंतर वारा वाढतो. टॉस जिंकलो तर पहिला हाफ वाऱ्याविरुद्ध घ्यावा, पाय ताजे असताना. २. शेडकडच्या गोलसमोर चिखल. बॉल थांबतो. तिथे गोलकीपरला मागे पास देऊ नये. ३. मैदान आपल्यापेक्षा सहा पावलं अरुंद. थ्रो-इन लांब टाकावेत. ४. त्यांची माणसं फार ओरडतील. पहिली दहा मिनिटं गोलची घाई नको, बॉल नुसता आपल्याकडे ठेवावा. ती गप्प झाली की आपला खेळ सुरू. ५. सोमवारी डॉक्टर. अन्या आठवण करेल."

मी इराला बोलावून कार्ड वाचून दाखवलं. दुसऱ्या मुद्द्याला तिने डोळे मिटले. चौथ्यानंतर मी थांबलो. ती म्हणाली, "And five? There's always five." मी म्हणालो, "संत्री. संत्र्यांच्या फोडी न्यायच्या." ती हसली आणि मग हुंदके देऊन रडली. कार्ड तिने मागितलं तेव्हा कॉपी काढून देतो म्हणालो आणि खिशात घातलं. फाडून टाकता आलं असतं. तीनदा बाहेर काढलं. पण ते हेमंतचं अक्षर होतं, माझ्या हाताने फाटेना.

इराला काही तो बहाणा पुरला नाही. बापाची जुनी कार्डं बुटाच्या खोक्यात होती, ती घेऊन ती आईजवळ बसली आणि बाराखडी शिकायला लागली. इतकी वर्षं हेमंत मागे लागला होता, तेव्हा शिकली नाही. आता महिनाभरात लागली वाचायला, बोट ठेवून, अडखळत. गेल्या रविवारी मला फोन आला. "अनिलकाका, बाबाचं कार्ड घेऊन या ना. I want to do it myself." मी घेऊन गेलो. का, ते मला सांगता येणार नाही. बहुतेक मला आणखी खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

जेवणाच्या टेबलाशी बसून तिने ते मोठ्याने वाचलं. स्वाती ओट्याशी कणीक मळत होती. वारा, चिखल, सहा पावलं, ओरडणारी माणसं... मग तिचं बोट खाली सरकलं. "सो...म...वारी... डॉ...क्टर. अन्या... आठवण... करेल." संत्री कुठे आहेत ते शोधायला तिने कार्ड उलटून पाहिलं. मागे फॅक्टरीच्या टिकांचे रकाने होते. पुन्हा सुलटं केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काका," ती म्हणाली, "did you?"

ओट्याशी स्वातीचे हात कणकेत थांबले होते. माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते खरंही होतं: तो सोमवार यायच्या आधीच तो गेला. पण मधे दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत मी पित्ताची चौकशी केली, चहा प्यायलो. मी मान हलवली. नाही. स्वाती वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, "तू घरी जा, अनिल."

मी निघालो तेव्हा इराने कार्ड फ्रिजवर लावलं होतं, चुंबकाखाली, जिथे हेमंत मॅचच्या आठवड्यात लावायचा तिथेच. समोरच्या खिडकीतून, रस्त्यावरूनही त्याचा पिवळा रंग दिसतो. ऑफिसला जाताना रोज मी त्याच रस्त्याने जातो. दुसरा रस्ता आहे, पण मी याच रस्त्याने जातो.