लिंबाच्या बर्फातली रम

गुजरातेत दारूबंदी होती आणि माझे यजमान बँकेत नोकरीला होते. आमच्या घरात बाटली येणं शक्यच नव्हतं. तरीही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका मे महिन्यात, रविवारी सकाळी, ती आली.

आणली माझ्या धाकट्या दिरानं. भाऊजी मुंबईच्या एका कंपनीसाठी यंत्रमागाचे सुटे भाग विकत फिरायचे. कडोदऱ्याला कारखान्यांचं काम आटपलं की मुक्कामाला आमच्याकडे, सुरतेला नानपुऱ्यात यायचे. त्या दिवशी त्यांनी बॅग उघडून मळक्या शर्टात गुंडाळलेली रमची बाटली टेबलावर ठेवली, तसे हे दाराची कडी घालायला धावले.

"अरे, कुठून आणलीस? वेड लागलंय का तुला?"

"हायवेवरच्या ढाब्यावरून. दादा, मुंबईत आमच्या साहेबाकडे एक प्रकार प्यायलो. लिंबाचा रस, साखर, बर्फाचा चुरा आणि ही. उन्हाळ्यात याच्यासारखं काही नाही. वहिनी, तुमच्याकडे आता फ्रिज आहे!"

फ्रिज आमच्याकडे नुकताच आला होता. सबंध इमारतीत तो एकच, म्हणून खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई दिवसातून दोनदा बर्फाला यायच्या. घरमालक निवृत्त हेडमास्तर होते, खादी घालायचे आणि सकाळी ओट्यावर बसून चरखा चालवायचे. त्यांना नुसता वास जरी आला असता तरी संध्याकाळपर्यंत आमचं सामान रस्त्यावर आलं असतं.

मी नको म्हणायला हवं होतं असं कुणाला वाटेल. पण उकाडा असा होता की भिंतीला टेकलं तरी पाठ भाजायची, आणि खरं सांगायचं तर मला तो प्रकार करून बघायचा होता. लिंबं पिळली, दोन मोसंब्यांचा रस त्यात घातला, साखर विरघळवली, चिमूटभर मीठ टाकलं आणि ते बर्फाच्या साच्यांत ओतून ठेवलं. दुपारी जेवणं झाल्यावर ते गोठलेले तुकडे पंच्यात बांधले आणि बत्त्यानं ठेचायला घेतले.

दोन घाव घातले असतील नसतील, खालून घरमालकीणबाईंची हाक आली.

"बेन, शुं कूटो छो?"

हात तिथेच थांबला. "बरफ! सरबत करते आहे!" मी ओरडले.

"तो मारे माटे पण मोकलजो!"

त्यांनाही सरबत हवं होतं. बाटली अजून उघडलीही नव्हती, तरी मी तो चुरा ग्लासात भरताना तीनदा वास घेऊन पाहिला. ग्लास खाली देऊन आले, दार लावलं, खिडक्या लावल्या आणि देवापुढे नव्हे तर थेट स्वयंपाकघरात उदबत्त्या लावल्या. मग भाऊजींनी रम ओतली आणि काट्यानं सगळं ढवळलं. तो तपकिरी, ओलसर बर्फ चमच्यानं खायचा की प्यायचा तेही कळेना. आधी आंबट, मग गोड, आणि घशाखाली गार जाता जाता एकदम ऊब. मी चार चमचे घेतले. भाऊजींनी ग्लास संपवून दुसरा घेतला, यांनी एक कसाबसा संपवला.

थोड्या वेळानं भाऊजी समोरच्या भिंतीकडे डोळे बारीक करून पाहू लागले.

"वहिनी, ते कॅलेंडर... त्यावरचे आकडे मला पुसट दिसतायत."

यांच्या हातातला चमचा खाली पडला.

सुरतेत राहणाऱ्या कुणालाही त्या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नसे. चोरून विकल्या जाणाऱ्या दारूत कधी कधी विषारी स्पिरिट असायचं. लोक त्याला लठ्ठा म्हणायचे. आधी डोळे जायचे, मग माणूस. हे आम्ही पेपरात वाचलं होतं. यांनी बाटली उचलून उजेडात धरली. लेबल तिरकं चिकटवलेलं होतं, एका कडेला वाळलेल्या खळीचा ओघळ होता. सकाळी तो कुणाच्याच नजरेला पडला नव्हता.

मी शिवणाच्या डब्यातून सुई काढली आणि दोरा ओवू लागले. ओवला जाईना. दोऱ्याचं टोक पिंजलंय म्हणून की दिसत नाही म्हणून, मला ठरवता येईना. हे पेपर घेऊन छोट्या जाहिराती मोठ्यानं वाचत सुटले, मध्येच थांबून "मला दिसतंय ना गं? मी बरोबर वाचतोय ना?" असं मलाच विचारू लागले.

"डॉक्टरकडे चला," मी म्हटलं.

"आणि काय सांगायचं? पोलिसकेस झाली तर नोकरी जाईल."

"अहो, डोळे गेले तर नोकरीत काय वाचणार आहात?"

भाऊजी दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवून नुसते बसले होते.

बाटली डॉक्टरांना दाखवायला हवी म्हणून मी ती भाजीच्या पिशवीत घातली, वर कोथिंबीर टाकली. तिघांनी वेलदोडे चावले. ओट्यावर घरमालकीणबाईंनी विचारलं तेव्हा, भाऊजींचं पोट बिघडलंय असं सांगितलं. रिक्षा मिळाली आणि जेमतेम चौकापर्यंत गेली तोच एका पोलिसानं हात केला. पिशवी माझ्या मांडीवर होती. मी कोथिंबीर बाटलीच्या तोंडावर नीट ओढली. पोलिसाला फक्त पुढपर्यंत जायचं होतं. तो रिक्षावाल्याशेजारी टेकला आणि मागे वळून भाऊजींकडे पाहू लागला.

"इनको क्या हुआ?"

आमच्यापैकी कुणीही तोंड उघडलं असतं तर वास गेला असता. तरी मी पदर तोंडावर धरून म्हणाले, "आंख आवी छे, डोळे आलेत. जरा लांब बसा भाई, लगेच लागण होते."

त्यानं झटकन मान फिरवली आणि पुढच्याच कोपऱ्यावर उतरून गेला.

आमचे डॉक्टर पारशी होते, वयस्कर. रविवार म्हणून घरीच, नुसत्या सदऱ्यावर बसले होते. मी सगळं खरं सांगून टाकलं. हे खाली बघत राहिले. डॉक्टरांनी बाटलीचा वास घेतला, तिघांच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली.

"किती वेळ झाला? दीड-दोन तास? लठ्ठानं इतक्या लवकर डोळे जात नाहीत. त्याला जास्त वेळ लागतो." मग बॅटरी बंद करून म्हणाले, "म्हणजे आज तुम्ही सुटलात असं नाही. उद्यापर्यंत कुणी एकटं राहू नका. कुणाला धूसर दिसलं, पोटात दुखलं, तर सरळ मोठ्या इस्पितळात. पण हा आत्ताचा प्रकार वेगळा आहे." ते भाऊजींकडे वळले. "डिकरा, बेटा, खरं सांग. आजच पुसट दिसतंय?"

भाऊजींनी मान हलवली. "नाही. काही दिवस झाले. कधी दिसतं, कधी नाही."

"तहान?"

"फार."

"वजन?"

भाऊजींनी शर्ट वर करून पट्टा दाखवला. खिळ्यानं पाडलेली नवी भोकं होती.

डॉक्टरांनी त्यांना मोरीत पाठवलं, एका नळीत निळं औषध आणि लघवी घालून ती स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं हिरवट झालं, मग पिवळं आणि शेवटी विटेसारखं लाल. हे एकदम खुर्चीत बसले. लाल म्हणजे लघवीत साखर. माझ्या सासऱ्यांना हाच आजार होता. आधी त्यांचा पाय कापावा लागला होता आणि मग ते गेले होते.

"तरुण वयात मधुमेह म्हणजे इंजेक्शनं," डॉक्टर म्हणाले. "रोज. आणि ते साखरेचं सरबत आता बंद." बाटली त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवली. "माझ्याकडे दारूचं परमिट आहे, तुमच्याकडे नाही. आणि ही मी पिणार नाही, ओतून टाकणार आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी डोळे उघडले आणि पहिल्यांदा छतावरच्या पालीची शेपटी दिसते का ते पाहिलं. दिसली. हेही उठून तेच पाहत होते.

भाऊजी आमच्याकडेच राहिले. सकाळ-संध्याकाळ मी काचेची सिरिंज उकळून त्यांना इंजेक्शन द्यायचे. पहिले काही दिवस सुई टोचताना मीच डोळे मिटायचे, तेव्हा ते म्हणायचे, "वहिनी, निदान एकानं तरी बघा." हळूहळू त्यांना आकडे स्पष्ट दिसू लागले आणि ते स्वतःच्या हातानं टोचायला शिकले.

मुंबईला जायला निघाले त्या दिवशी मी स्टेशनवर पोचवायला गेले होते. गाडी यायची होती. ते म्हणाले, "वहिनी, एक सांगू? दादा पेपर वाचत होता ना, तेव्हा मी देवाला म्हणत होतो, विषच असू दे."

"काहीतरीच काय बोलता?"

"विष असतं तर इस्पितळात नेऊन काढलं असतं, किंवा मेलो असतो. हे दुसरं असेल अशी शंका मला होळीपासूनच होती. बाबांचा पाय मी ड्रेसिंग करताना पाहिलाय. म्हणून कुणाला सांगितलं नाही."

 मी त्यांच्या पिशवीत सिरिंजचा डबा नीट बसलाय ना ते चाचपत राहिले. गाडी आली. ते चढले, खिडकीशी बसले आणि समोरच्या प्रवाशाला म्हणाले, "मला डायबेटिस आहे, इंजेक्शननं साखर फार उतरून मला मध्येच काही झालं तर साखर द्या." हे वाक्य त्यांनी परक्या माणसाला सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी ते पूर्ण सांगितलं.