सायखेड्याची गाडी आणि घोटीचा थांबा

नाशिकरोडला उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. काखेत वळकटी, हातात पिशवी, आणि खिशात गाडी चालवण्याचा परवाना. सातवीतून शाळा सुटलेल्या माणसाजवळ दाखवण्यासारखा तेवढाच एक कागद. आपल्या जंगलपट्टीतल्या आरमोरीकडचे लोक नागपूरपर्यंत जातात, फार तर पुलगावपर्यंत. इतक्या लांब, जिथे कोणी आपल्याला ‘कसं गा’ म्हणून विचारत नाही, तिथे मी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो.

स्टेशनबाहेर मिसळ खाल्ली. आपल्याकडे तर्री म्हणतात ती इथे वेगळ्या वाटीत देतात, सोबत पाव आणि पापड. शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, “कुठचे?” मी सांगितलं. तो म्हणाला, “बापरे! मग तुम्ही तर जंगलातनं आलात की.” एवढं बोलून त्याने आपल्या ताटातला पापड माझ्या ताटात ठेवला. नाशिकबद्दल माझं मत तिथेच चांगलं झालं, ते अजून बदललेलं नाही.

सायखेडा नाशिकहून एसटीने तासाभरावर, गोदावरीच्या काठाला. इथे नदीला कोणी गोदावरी म्हणत नाही, ‘गंगा’च म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे नदीवर जाऊन येतो. माझे नवे मालक अण्णा, साठी उलटलेले, द्राक्षबागायतदार, आवाज ढोलासारखा. त्यांच्या पडवीत कापडाखाली एक अँबॅसॅडर उभी होती. माझ्यापेक्षा वयाने मोठी, पण रंग अजून दुधासारखा.

“जुना ड्रायव्हर म्हातारपणामुळे घरी बसला,” अण्णा म्हणाले. “पुण्याचा मुलगा म्हणतो, विकून टाका, गिऱ्हाईक तयार आहे. मी त्याला सांगितलंय, दिवाळीला इगतपुरीहून आक्काला घेऊन येतो, गाडी धड आली तर ठेवायची, नाहीतर त्याचं खरं.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “गाडी राहिली तर तूही राहिलास. मागची खोली तुझी.”

“हो जी,” मी म्हणालो.

“ते जी जी मला नको, गाडीला कर.”

आक्का म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहीण. यजमान रेल्वेत होते, त्यामुळे इगतपुरीलाच राहिलेल्या. दर भाऊबीजेला अण्णा त्यांना या गाडीतून माहेरी आणत.

दुसऱ्या दिवशी बोनेट उघडलं. इंजिनचं तेल काळं, चिकट. ब्रेक ऑइलचा रंग चहासारखा. रेडिएटरचा खालचा नळ सोडला तर आधी काहीच येईना, मग तार घातल्यावर भदकन चिखल आला. खराखुरा चिखल, नदीकाठचा. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं.

गावात सल्ल्याला तोटा नव्हता. पारावरचे एक काका म्हणाले, “ट्रॅक्टरचं तेल टाक, लय दणकट असतं.” दुसरे म्हणाले, “नव्या गाडीचं भारीतलं टाक, जुनी गाडी पळाया लागंल.” तिसरे नुसतेच म्हणाले, “काय बी टाक, चढाला तापनारच.” मला त्या रात्री जेवण गेलं नाही. चुकीचं तेल पडलं तर गाडी जाणार, गाडी गेली तर खोली जाणार, आणि मी काय तोंडाने आरमोरीला परत जाणार?

म्हणून सातपूर गाठलं. नाशिकची कारखान्यांची वस्ती. पाळी सुटली की मोटारसायकलींचा लोंढा येतो, बाजूला उभं राहावं लागतं. तिथे एका बोळात तेलाचं दुकान होतं आणि गल्ल्यावर एक बाई, कपाळाला मोठं कुंकू, हातात फडकं. सगळे त्यांना मामी म्हणत. मी म्हणालो, “चांगलं तेल द्या जी.”

“चांगलं?” मामी म्हणाल्या. “खोबरेल देऊ? तेही चांगलंच आहे. गाडी कोणती, किती जुनी, ठिपके कुठे पडतात, ते सांग.”

सांगितलं. ठिपके पडवीभर पडतात हेही सांगितलं.

“मग नव्या गाडीचं पातळ तेल नेऊ नकोस. जुन्या इंजिनातनं झिरपून जाईल. हे जाड ने. गिअरला हे वेगळं, इंजिनचं तिथे ओतू नको. ब्रेकचा डबा छोटाच घे, उघडा राहिला की हवेतला ओलावा पितो, मग ब्रेक ऐन वेळी दगा देतो. आणि त्यात दुसरं कुठलंही तेल थेंबभर मिसळलंस तर आतलं रबर फुगेल. कळलं?”

“कळलं जी. आणि रेडिएटरला?”

“हे हिरवं. स्वच्छ पाण्यात मिसळ. बोरचं नको हां. चहाच्या भांड्याला पांढरं चढतं ना, तसं आतनं चढतं.” मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “नवा आहेस ना? घाबरू नको रे. गाडी जुनी आहे, म्हातारी नाही.”

बसमध्ये ते डबे मी मांडीवर घेऊन बसलो, लेकरू घेऊन बसतात तसा.

सगळं भरून झालं. निघायच्या आदल्या संध्याकाळी अण्णा गंगेवरून तांब्या भरून आले. परतीचा पाऊस होऊन गेलेला, पाणी गढूळ. ते थेट बोनेटकडे निघाले.

“अण्णा, हे काय जी?”

“गाडी घेतली त्या दिवसापासून लांबच्या वाटेला गंगेचं पाणी पडल्याशिवाय ती निघालेली नाही.”

म्हणजे तो चिखल असा साचला होता! मी आडवा आलो. म्हणालो, “चिखल मोठ्या मुश्किलीने काढलाय जी. परत जाईल.”

“गाडी माझी की तुझी?”

“तुमचीच जी. पण तापली तर रस्त्यावर तुम्हालाच बसावं लागेल.”

अण्णांचे कान लाल झाले. मीच तोडगा काढला, “रात्रभर निवळू द्या. वरचं नितळ पाणी फडक्यातून गाळून घेतो.” ते तांब्या पायरीवर ठेवून आत गेले.

सकाळी पाणी काचेसारखं झालं होतं. ते गाळून फिरकीच्या तांब्यात (झाकण फिरवून बंद होणारा प्रवासातला तांब्या) भरलं. पण रेडिएटर काठोकाठ भरलेला. थेंबालाही जागा नव्हती. अण्णांना वाटलं मी टाळतोय. तांब्या पायाशी घेऊन ते पुढच्या सीटवर बसले आणि नाशिकपलीकडच्या विल्होळीपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिले.

वाडीवऱ्हे गेल्यावर रस्ता चढू लागतो. डोंगर जवळ येतात, हवा बदलते. गाडी गुणगुणत चालली होती. मी मनातल्या मनात मामींना नमस्कार करत होतो, आणि नेमका घोटीच्या अलीकडे काटा वर चढू लागला. बोनेटमधून वाफ आली.

“आली घोटी,” अण्णा म्हणाले. “दरवर्षी इथेच.”

मला रडू यायचं बाकी होतं. गाडी एका चहाच्या टपरीसमोर लावली. निवू दिली, मग रेडिएटरचं झाकण उघडलं. तेल ठीक, नळ्या ठीक. झाकणाचंच रबर वाळून तडकलं होतं, तिथून वाफ होऊन पाणी उडालं होतं. सगळं तेल-पाणी नवं आणलं आणि झाकण तेवढं जुनंच ठेवलं होतं! चहावाल्याने विचारायच्या आत स्वतःची सायकल दिली. “बाजारात भेटंल. जा, म्हाताऱ्याला मी चहा पाजतो.”

नवं झाकण घेऊन आलो तर त्याने पाण्याची बादलीही आणून ठेवलेली. “घ्या, बोरचं हाय, गार.” माझं लक्ष त्याच्या किटलीकडे गेलं. आत पांढरा जाड थर.

“अण्णा, तो तांब्या द्या जी.”

अण्णांनी संशयाने पाहिलं. “माझं मन राखायला टाकतोस?”

“नाही जी. इथे हेच पाणी बरं आहे.”

ते उठले. तांब्याची फिरकी स्वतः काढली. मी इंजिन चालू केलं आणि त्यांनी सावकाश, देवाला घालावं तसं, ते नितळ पाणी आत सोडलं. सगळं मावलं. अण्णांनी तांब्या झटकला आणि म्हणाले, “आक्काला सांगू नको हां, तापली म्हणून.”

पुढे इगतपुरीपर्यंत काटा हलला नाही. पण मला काट्याकडे बघायचंही सुचलं नाही, कारण दोन्हीकडे धान होतं! इथे त्याला भात म्हणतात. कापणी चालली होती, पेंढ्या पडलेल्या, आणि वारा आला की तोच वास, आपल्या बांधीतला, धानाच्या शेतातला. महिनाभरात पहिल्यांदा मला वाटलं की मी फार लांब आलेलो नाही.

आक्का दारातच तयार बसल्या होत्या, मांडीवर भला मोठा डबा. गाडीत बसताना त्यांनी डबा सोडला नाही. घोटी मागे पडली, वाडीवऱ्हे आलं, तशा त्या अस्वस्थ झाल्या.

“काय रे, घोटी गेली?”

“गेली जी.”

“अन् तापली नाही?”

“नाही जी.”

“अगंबाई! मग मी डबा कुठे उघडायचा? एवढी वर्षं गाडी तापते म्हणून डबा करते मी. निवेपर्यंत बसून खातो. थांबव आधी!”

अण्णा पोट धरून हसले. मी झाडाखाली गाडी लावली. तांदळाच्या भाकरी, खुरासणीची चटणी, आणि नव्या तांदळाचा दहीभात. आक्कांनी पहिला घास माझ्या हातावर ठेवला. “खा रे पोरा. नवा भात आहे.” मी मान खाली घालून खाल्लं.

संध्याकाळी सायखेड्यात पोचलो तर फोन वाजतच होता. पुण्याचा मुलगा. अण्णांच्या आधी आक्कांनीच तो उचलला. “हो, आलो... हो, वाटेत थांबली होती... बंद कशाला पडेल? मी थांबवली, जेवायला. आणि काय रे, गिऱ्हाइकाला विचार, पुढच्या भाऊबीजेला मी कशात येऊ?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग मागच्या खोलीची किल्ली खुंटीवरून काढून दिली. त्यावर रिकामा फिरकीचा तांब्याही दिला. “हा डिकीत ठेव. पाणी तू भर. नितळ.”

गावाकडचे विचारतात, एवढ्या लांब जाऊन काय पाहिलंस. त्र्यंबक अजून पाहायचं राहिलंय. पण इथे माझी एक खोली आहे, दर आठवड्याला मी एक तांब्या पाणी निवळत ठेवतो, आणि इगतपुरीला धान पिकतं.