शिळ्या पावाची पिशवी

रविवारी सकाळी द्राहोमीरानं प्रोकोपचा ट्रे बाहेर ओढला आणि तिचं टाळकं सडकलं. ट्रे स्वच्छ होता. सशाचा ट्रे सकाळी स्वच्छ दिसणं ही काही आनंदाची बातमी नव्हे. रात्रीतून शंभरेक लेंड्या पडायला हव्यात, वाटाण्याएवढ्या आणि कोरड्या. एकही नव्हती. प्रोकोप कोपऱ्यात अंग आवळून बसला होता आणि दात करकरत होता. शेपटीखालचे केस मऊ, चिकट घाणीनं लिंपले गेले होते आणि एक हिरवी माशी तिथं जागा पाहून गेली होती. जुलैच्या उन्हात माशीला अंडी घालायला आणि अळ्यांना बाहेर पडायला एक दिवस पुरतो.

"कोणी दिलं?" ती म्हणाली. प्रश्न सशाला नव्हता.

द्राहोमीरानं जिल्ह्याच्या इस्पितळात एकतीस वर्षं पथ्याचं स्वयंपाकघर चालवलं होतं. ती प्रत्येकाचं ताट तोलूनमापून पाठवी आणि भेटीच्या वेळेत नातेवाईक ते धुळीला मिळवत. पित्ताशय काढलेल्या माणसाच्या उशाखाली बदकाची भाजलेली तंगडी, मधुमेह्याच्या कपाटात खसखशीचे गोड बन. आणणारे सगळे प्रेमळ. क्रूर माणसं तिला फारशी भेटलीच नाहीत. तिचं जे काही नुकसान झालं ते प्रेमळ माणसांनी केलं. नवरा कारेल सतरा वर्षांपूर्वी मधुमेहानं गेला. त्याचा धाकटा भाऊ ओटाकार शेवटपर्यंत दर रविवारी आलुबुखाराचा मुरंबा भरलेले बन घेऊन यायचा. "एकानं काय होतंय, वहिनी?" कारेलच्या अंत्यविधीलाही तेच बन होते. छान झाले होते.

प्रोकोपला भाची सहा वर्षांपूर्वी तिच्याकडे सोडून शिकायला ब्र्नो शहरात गेली, ती गेलीच. तेव्हापासून द्राहोमीरा इमारतीमागच्या उतारावरचं गवत नगरपालिकेचं यंत्र यायच्या आत विळ्यानं कापायची आणि बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडवर वाळवायची. प्रोकोपपुढं गवताचा भारा कायम. वर सकाळ-संध्याकाळ मूठभर सिंहपर्णीची पानं, चमचाभर दाणा आणि गाजराची चकती फक्त नामदिनाला, म्हणजे प्रोकोप नावाच्या संताच्या दिवशी. शेजारी तिला पथ्यबाई म्हणत. ती तळमजल्यावर राहायची, त्यामुळे तिच्या कानावर पडेल अशा बेतानंच म्हणत.

तिनं कोमट पाण्याच्या बोळ्यांनी घाण सोडवली, माशीची अंडी नाहीत हे केस न् केस विंचरून पाहिलं, जागा टॉवेलनं टिपून कोरडी केली. मग पिंजरा झाडला. पेंढ्याखालून पावाच्या कडेचा एक तुकडा निघाला. शुक्रवारी कोण येऊन गेलं होतं, हे आठवायला तिला वही लागली नाही.

ओटाकार दहा वाजता आला. खेड्यात त्याच्याकडे सशांची तीस खुराडी होती आणि भिंतीवर ससेपालक संघाची अकरा पदकं.

"पाव दिलात याला?"

"थोडासा. तो बघत होता माझ्याकडे."

"भावोजी, अख्खं इस्पितळ माझ्याकडे बघत होतं. मी दिला का कुणाला?"

"अहो वहिनी, आमच्याकडे चार पिढ्या पावावर ससे पोसतायत. एकाचंही पोट बिघडलेलं पाहिलं नाही मी."

"तुमचा सगळ्यात म्हातारा ससा केवढा?"

"साडेपाच."

"वर्षं?"

"महिने." ओटाकारनं टोपी काढली. "माद्या ठेवतो दोन वर्षं. पण त्या शिजायला फार वेळ घेतात."

"म्हणजे पोट बिघडायच्या आत तुमची सुरी पोचते. आणि हा तुमचा चार पिढ्यांचा अनुभव!"

"पाव वाईट नव्हता हो! हा बघा, बुरशीचा एक ठिपका दाखवा!" त्यानं खिशातून पिशवी काढून टेबलावर आपटली.

पिशवीवर काळ्या पेनानं तारीख होती. अक्षर द्राहोमीराचं होतं.

त्या इमारतीत पाव कचऱ्यात टाकायची कुणाची छाती नव्हती. शिळा पाव पिशवीत भरून कचरापेटीच्या कडीला टांगायचा. ज्याच्याकडे ससे, तो नेतो. द्राहोमीराही दर बुधवारी टांगायची, स्वयंपाकघरातल्या सवयीनं तारीख घालून. ओटाकार येता-जाता कडीवरच्या पिशव्या गोळा करायचा. तिचाच पाव तिच्याच सशाच्या पोटात शिरला होता.

राग विझला नाही. उलट आता तो दोघांवर वाटावा लागत होता, दिरावर आणि स्वतःवर.

सुट्टीच्या दिवशीही प्राण्यांचा दवाखाना उघडणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी प्रोकोपचं पोट चाचपलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं, आतडं चालू करायचं औषध दिलं आणि गवताची भुकटी दिली; ती कालवून सिरिंजनं दर दोन तासांनी भरवायची. "संध्याकाळपर्यंत लेंडी पडायला हवी," त्या म्हणाल्या. नाहीतर काय, ते द्राहोमीरानं विचारलं नाही.

"धरा," घरी येताच तिनं दिराला सांगितलं.

ओटाकारनं आयुष्यात हजारेक ससे धरले होते. त्याला येत असलेली पकड इथं कामाची नव्हती. टॉवेलात गुंडाळलेला ससा मांडीवर घेऊन तो दुपारभर खांदे आखडून बसला. द्राहोमीरा भरवत होती आणि मधल्या वेळात बनांबद्दल बोलत होती. सतरा वर्षं तुंबलेलं बोलणं होतं ते. तो उठूही शकत नव्हता.

"कारेलला आवडायचे हो," एकदाच तो म्हणाला.

"मला तो आवडायचा."

सहा वाजता ओटाकार ओरडला, "वहिनी! पडली! तीन पडल्या!"

तिनं तळहातावर घेऊन पाहिल्या. "बारीक आहेत," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

बुधवारी ती पिशवी घेऊन कचरापेटीपाशी गेली. कडीला टांगली नाही. झाकण उचललं, हात पुढं होईना. चिडून पिशवी परत घरी आणली.

रविवारी ओटाकारपुढं शिळ्या पावाचे उकडलेले गोळे आले, आठ. वर रस्सा, सशाचा नव्हे. पिंजऱ्यात प्रोकोप गवत चावत होता.

"पुरे, वहिनी. पोट जड झालंय."

"अजून चार आहेत. एकानं काय होतंय?"

त्यानं निमूटपणे संपवले. मग द्राहोमीरानं बाल्कनीतून मूठभर वाळलेलं गवत आणलं आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. "जड पोटाला," ती म्हणाली.