सावलीत ठेवलेला गाल

आखाडा बाळापुरात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या उद्धवने हौसेने तैलरंगातलं व्यक्तिचित्र शिकून घेतलं होतं. पहिलं चित्र बायकोचं, गंगासागरचं काढायचं ठरलं. तिचा डावा गाल पूर्वी हळद शिजवताना कढईतलं उकळतं पाणी उडून भाजला होता. उद्धवने खुर्ची अशी फिरवली, की खिडकीचा उजेड उजव्या गालावर पडावा आणि डावा सावलीत बुडावा.

चित्र पुरं झाल्यावर ती बराच वेळ बघत राहिली.

“लई बराबर काढलं. पण हा गाल अंधारात काहून?”

“उजेडच तिकडून येऊन राहिला व्हता,” उद्धव म्हणाला.

“खुर्ची तर तुमीच फिरवली व्हती.”

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच उद्धवला मान वर करता येईना. लोकांना काय वाटेल, या विचारापायी आपण आपल्याच बायकोला झाकून टाकलं, हे त्याच्या मनाला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने नवा कॅनव्हास ताणला आणि खुर्ची उलट्या बाजूला वळवली. गंगासागर येऊन बसली. डाव्या गालावर उजेड आला. ब्रश उचलून उद्धव बघू लागला, तेव्हा त्याला दिसलं की तो डाग कानाच्या पाळीखालून पार मानेपर्यंत उतरलाय. एवढ्या संसारात त्याने तो एकदाही नीट पाहिला नव्हता.

“दिसून राहिलं ना नीट?” तिने विचारलं.

“व्हय,” एवढंच तो बोलला. शरमेने तोंड फिरवावंसं वाटत होतं, पण चित्र काढायचं तर बघावंच लागणार होतं.