अमीनचाचांचा रविवारचा वर्ग

अमीनचाचा महानगरपालिकेच्या बागेतून माळी म्हणून निवृत्त झाले १९९३ साली. घरी बसवेना, म्हणून दर रविवारी सकाळी त्याच बागेत येईल त्याला झाडं लावायला फुकट शिकवू लागले. अट एकच: शिकून गेल्यावर आपल्या गावात दहा घरांना शिकवायचं, तेही फुकट. पाच-सहा वर्षांत हे शिकवणं शहर ओलांडून हातकणंगल्याच्याही पुढच्या गावांत गेलं. मग हौस ओसरली आणि माणसं गळत गेली. २००४ साली शिकवणाऱ्यांत उरल्या त्या पेठ वडगावच्या बनाबाई, एकट्या. आपल्यामागं वर्ग चालवला तर याच चालवतील, अशी चाचांना आशा होती.

त्या पावसाळ्यात बनाबाईंनी साठ घरांच्या परसात आंब्याची कलमं लावून दिली. दिवाळीपर्यंत सगळी वाळली. लोक त्यांना रस्त्यात अडवून म्हणायचे, "बाई, झाडं मारायचं शिक्षण कुठं घेतलं वो?"

चाचा एसटीनं वडगावला गेले. पहिल्याच परसात कलमापाशी बसले. बुंध्याला वीतभर मातीची भर होती, चापूनचोपून घातलेली. उसाला भरणी करतात तशी. त्यांनी माती उकरली. कलमाचा सांधा, म्हणजे फांदी रोपाला जोडलेली जागा, आत कुजून काळा पडला होता.

बनाबाईंचं माहेर-सासर दोन्ही उसातलं. माती चढवली की पीक जोर धरतं, हे त्यांच्या हातांना लहानपणापासून ठाऊक. सांधा उघडा ठेवायचा, हे आपण वर्गात कधी सांगितलं होतं का? चाचांना काही केल्या आठवेना.

"काय चुकलं, चाचा? खरं सांगा," मागं उभ्या बनाबाई म्हणाल्या.

हवा वाईट होती, असं चाचांना म्हणावंसं वाटलं. तेवढ्यानं बाई टिकल्या असत्या. पण पुढच्या साली आणखी साठ झाडं गेली असती.

"माती चढवायला नको होती, ताई. मी सांगायला पाहिजे होतं. चूक माझी."

बनाबाई त्या काळ्या सांध्याकडं बघत राहिल्या. "म्हंजे मीच पुरली व्हय? आन् मी लेकराला पांघरूण घालावं तशी माती लावत हुते."

"पुन्हा लावू की."

"न्हाय चाचा. कुठल्या तोंडानं कुणाच्या दारात जाऊ? माझ्यानं आता शिकवणं व्हायचं न्हाय."

चाचा संध्याकाळच्या एसटीनं परतले.

पुढच्या रविवारी ते बागेत अकरापर्यंत बसले. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी घरातून निघालेच नाहीत.

"आज वर्ग न्हाय व्हय, अब्बा?" सुनेनं विचारलं.

"सुट्टी हाय," चाचा म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.