काळा पडलेला मणी

परवा शेतात एका मशीननं मला पकडलं...

आमचे नातजावई मेटल डिटेक्टर घेऊन आलेत. कामरगावच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जुन्या काळचं सोनं पुरलंय, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय. दिवसभर फिरून तीन खिळे, बैलाची एक नाल आणि बाटलीचं बूच हाती लागलं.

थकून ते माझ्या बाजेजवळ आले आणि गमतीनं मशीन माझ्या तोंडासमोर धरलं. ते कुईं करून ओरडलं. "आजी, सोनं त तुमच्या नाकात हाये," ते म्हणाले, आणि सगळे हसले... मला काही हसू आलं नाही. आज नात टाइप करून देतेय, म्हणून कधी न सांगितलेलं सांगते.

माझं माहेर रिसोडचं. आम्ही झारेकरी. म्हणजे सोनारांची दुकानं झाडायची, तो केर घरी आणून धुवायचा आणि त्यातले सोन्याचे कण काढायचे. लाकडी काठवटीत केर आणि पाणी घेऊन गोल गोल हलवलं की माती निघून जाते, सोनं जड म्हणून तळाशी बसतं. बाबा केर आणत, माय काठवट हलवी. मला तिनंच शिकवलं.

सगळा धंदा विश्वासावर. केरात कधी अख्खी बाळी सापडायची, बाबा ती त्याच पावली परत नेऊन द्यायचे. मायच्या गळ्यात मात्र एकच सोन्याचा मणी होता, कित्येक वर्षं कण कण बाजूला ठेवून केलेला.

स्वातंत्र्याच्या दोनेक वर्षं आधी माय तापानं गेली. मी अकरा वर्षांची होते. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या तोंडात सोनं ठेवतात, त्याची पुढची वाट सुखाची व्हावी म्हणून. बाबांनी सगळ्यांदेखत मणी मायच्या तोंडात ठेवला... आणि घाईनं तिचे ओठ मिटवले. मला वाटलं, त्यांना बघवत नसेल.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. भाऊ नव्हता म्हणून मलाही नेलं. घाईत घरातून टोपलीऐवजी आमची काठवटच घेतली होती. बाबांच्या बहिणीनं, माझ्या आत्यानं, ती राखेनं भरून माझ्या हातात दिली. "सोड पान्यात," ती म्हणाली.

मी काठवट नदीच्या पाण्याला लावली... आणि हातांनी आपलं रोजचंच काम केलं. राख सोडायची सोडून मी ती हलवत बसले. राख वाहून गेली, तळाशी मणी उरला. काळाकुट्ट.

"आत्या, सोनं काळं कायले पडलं?" मी विचारलं.

सोनं आगीत काळं पडत नाही, हे झारेकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. मणी पितळेचा होता. आत्या माझ्याकडे बघत राहिली, मग लांब उभ्या असलेल्या बाबांकडे.

तेरवीपर्यंत सगळ्या सोनारगल्लीला कळलं. जेवणं झाल्यावर एका म्हाताऱ्या सोनारानं विचारलंच, "बायकोच्या तोंडात पितळ ठेवलं म्हन्तेत लोक, खरं हाये का?" बाबा खाली मान घालून "हाव" म्हणाले. आणि उष्ट्या पत्रावळी गोळा करायला लागले.

आम्हाला केर मिळणं बंद झालं. जो मेलेल्या बायकोला फसवतो तो आपल्याला काय सोडणार... लोकांचंही काय चुकलं म्हणा. बाबा रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागले. ज्या बोटांना केरातला कण कळायचा, ती बोटं फुटून गेली.

आणि मी? मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. भाकर वाढायची, ताट पुढे सरकवायचं, उठून जायचं. एक दोन दिवस नाही, चार वर्षं...

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी बैलगाडी जुंपली होती, तेव्हा बाबांनी मला बाजूला बोलावलं आणि चिंधीत बांधलेलं काहीतरी हातात दिलं. सोडून पाहिलं तर सोन्याची फुली.

"तुह्या मायचा मनी आटवून केली हाये," ते म्हणाले. "तिनंच काढून देल्ला होता. मले मेल्यावर सोनं काय कराचं, म्हने. पोरीच्या नाकात घाला, म्हने."

"मंग बाबा, तुमी सांगतलं काहून नाही?"

"तू लहान होती. मायच्या तोंडातलं आपल्यासाठी काढलं, असं वाटलं असतं तुले. त्याच्यापरीस माह्यावर रागावली तेच बरं."

गाडी हलली. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, माफी मागायची होती... पण बायकांनी घाई करून मला गाडीत चढवलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. निरोप मिळाला तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. त्यांच्या तोंडात सोनं ठेवायला घरात सोनं होतंच कुठे? ते माझ्या नाकात होतं.

लोक म्हणतात, काळ सगळं विसरायला लावतो. नव्वदी आली, मला तरी काही विसरता आलं नाही. एक प्रश्न विचारला मी, लहानपणीचा, साधा... आणि बापाचं नाव मातीला मिळालं.

तेव्हा घरच्यांना एवढंच सांगणं आहे. मी गेल्यावर नाकातली फुली काढू नका. ती मायची आहे, तिला परत द्यायची आहे. जावईबापू, त्या दिवशी मशीन घरीच ठेवा.

आणि राख पाण्यात सोडाल ना, तेव्हा हलवू नका... नुसती सोडा.